मुसख्खन: पॅलेस्टाईनच्या नव्या तेलाचे जेवण आणि ते घरी करण्याची रीत

मुसख्खन हा पॅलेस्टाईनमधला कोंबडीचा पदार्थ म्हणून ओळखला जातो, आणि परातीकडे पाहिले तर तसे वाटणे साहजिक आहे, कारण सुमाक या आंबट मसाल्याने तांबडे झालेले कोंबडीचे मोठे तुकडे सर्वांत वर मांडलेले असतात. तो करायला शिकताना मात्र आधी हे ध्यानात घ्यावे लागते की कोंबडी त्यात शेवटी येते. या पदार्थाचा जीव रोटीत, ऑलिव्हच्या तेलात आणि त्या तेलात पाऊण तास शिजलेल्या कांद्यात आहे. कोंबडीला नाना मसाले चोळून, रोटी बाजारातून आणून आणि तेल दोन चमचे घालून जे तयार होते ते चवीला वाईट नसते, पण ते मुसख्खन नव्हे. म्हणून या लेखात कोंबडीला थोडी आणि बाकीच्या तीन गोष्टींना पुष्कळ जागा दिली आहे.

अरबीत ‘सख्खन’ म्हणजे गरम करणे, त्यावरून ‘मुसख्खन’ म्हणजे गरम केलेले. भट्टीतून काढलेली रोटी दुसऱ्या दिवशी थंड आणि चिवट झाली की शेतकरी कुटुंबे तिला तेल लावून पुन्हा गरम करीत, आणि त्यातून हा पदार्थ उभा राहिला, असे सांगितले जाते. वेस्ट बँकेच्या उत्तरेकडचा तुलकर्म आणि जेनीनचा परिसर हे त्याचे माहेर मानले जाते. काही भागांत यालाच ‘मुहम्मर’, म्हणजे लाल केलेले, असेही म्हणतात. घटक पाहिले तर प्रत्येक वस्तू डोंगरउतारावरच्या एका शेतकरी घराच्या आवाक्यातली आहे: गहू आणि कांदा शेतातला, तेल स्वतःच्या झाडांचे, कोंबडी अंगणातली आणि सुमाक बांधावरच्या झुडपाचे. अशा कोंबडीला तिथे ‘बलदी’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडची गावठी. भात या पदार्थात कुठेच नाही. मांसाखाली भाताचा थर असलेले मेजवानीचे पदार्थ पॅलेस्टाईनमध्ये आहेत, पण मुसख्खनमध्ये ती जागा रोटीची आहे.

तेलाचा हंगाम

ऑलिव्हची तोडणी साधारण ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये, पहिल्या पावसाने फळांवरची धूळ धुतली गेल्यावर होते. झाडाखाली मोठ्या चादरी पसरतात, शिड्या लावतात, आणि आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे घर बागेत जाते. शेजाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी एकमेकांच्या बागेत आळीपाळीने राबण्याच्या रीतीला ‘औना’ म्हणतात. आपल्याकडच्या इर्जिकीशी तिचे नाते ओळखू येण्याइतके जवळचे आहे. ऑलिव्हचे झाड एक वर्ष भरभरून देते आणि पुढच्या वर्षी हात आखडते, त्यामुळे घरातले तेल पुरवून वापरण्याची सवय सगळ्यांनाच असते. भरल्या वर्षी मात्र घाण्यावरून आलेले हिरवट, किंचित कडू, घशाला ठसका लावणारे नवे तेल हात न आखडता वापरले जाते, आणि ते वापरण्याचा हक्काचा पदार्थ म्हणजे मुसख्खन. यंदाचे तेल कसे उतरले हे त्यावरूनच पारखतात. ही परीक्षा खरी असते, कारण तेल जुने, खवट किंवा भेसळीचे असेल तर ते लपवायला या पदार्थात काहीच नाही.

या भागाची आजची स्थिती सांगितल्याशिवाय हंगामाची गोष्ट पुरी होत नाही. इस्रायलने २००२ पासून बांधलेल्या विभाजक भिंतीमुळे तुलकर्म, जेनीन आणि कलकिल्या भागांतल्या अनेक शेतकऱ्यांच्या बागा भिंतीपलीकडे गेल्या. तिथे जायला परवाना लागतो आणि भिंतीतले दरवाजे ठरावीक दिवशी, ठरावीक वेळेलाच उघडतात. तोडणीच्या दिवसांत वेस्ट बँकेतल्या इस्रायली वस्त्यांमधल्या लोकांकडून शेतकऱ्यांवर हल्ले होतात, झाडे तोडली जातात. जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या इस्रायली लष्करी कारवाईत जेनीन, तुलकर्म आणि नूर शम्स या निर्वासित छावण्यांतून सुमारे ४०,००० लोकांना घरे सोडावी लागली. ज्या पदार्थाचा प्रत्येक घटक स्वतःच्या जमिनीतून येत असे, तो रांधताना त्या जमिनीची आठवण निघणे अटळच आहे. १९४८ आणि १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धांत विस्थापित झालेल्या पॅलेस्टिनी कुटुंबांनी जॉर्डन, लेबनॉन, आखाती देश आणि त्याहूनही दूर मुसख्खन आपल्याबरोबर नेले. मातीची भट्टी मागे राहिली, पण गावाकडून नातेवाइकाबरोबर तेलाचा डबा मागवण्याची धडपड आजही चालू आहे.

एप्रिल २०१० मध्ये वेस्ट बँकेतल्या रामल्ला शहराच्या परिसरात चाळीस आचाऱ्यांनी मिळून चार मीटर व्यासाचे मुसख्खन केले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. विक्रम मला विशेष वाटत नाही, पण त्यातले प्रमाण उपयोगी आहे: २५० किलो पिठाला ५०० किलो कांदा आणि १७० किलो ऑलिव्ह तेल. म्हणजे पिठाच्या दुप्पट कांदा आणि पिठाच्या दोन-तृतीयांश तेल. खाली दिलेले चार-पाच माणसांचे माप साधारण याच हिशेबाने बांधले आहे, म्हणून ते वाचताना तेलाच्या आकड्याने दचकून हात मागे घेऊ नये. तेल कमी करायचेच असेल तर खाणाऱ्यांच्या ताटात रोटीचा तुकडा लहान वाढावा, पण भांड्यातले तेल कमी करू नये.

साहित्य कसे निवडावे

तेल ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’च घ्यावे. आपल्या दुकानांत ‘पोमेस’ आणि ‘एक्स्ट्रा लाइट’ या नावांनी मिळणारी तेले तळणीला चालतात, पण त्यांना स्वतःची चव जवळजवळ नसते, आणि इथे तर चवीचा सगळा भार तेलावर आहे. बाटली गडद काचेची किंवा डबा पत्र्याचा असावा आणि तोडणीची तारीख छापलेली असेल तर ती वर्षभराच्या आतली असावी. चमचाभर तेल कोरडेच प्यावे: आधी गवतासारखा वास, मग जिभेवर हलका कडूपणा आणि शेवटी घशात मिरीसारखी चुणचुण आली तर तेल चांगले. मेणासारखा किंवा जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला तर ते दुसऱ्या कामाला ठेवावे.

सुमाक म्हणजे भूमध्य समुद्राभोवतीच्या डोंगरांवर वाढणाऱ्या एका झुडपाची आंबट फळे. उन्हाळ्याच्या अखेरीस तांबड्या फळांचे घोस तोडून वाळवतात, कुटून त्यांचे साल वेगळे करतात आणि कडक बिया चाळून टाकतात. उरलेला जाडसर चुरा म्हणजे सुमाक. त्याचा आंबटपणा फळातल्या मॅलिक आम्लाचा असतो आणि त्याबरोबर थोडा तुरटपणाही येतो. चांगले सुमाक गडद मरून रंगाचे, बोटांना किंचित ओलसर लागणारे आणि जाडसर असते. भडक लाल, पिठासारखे कोरडे सुमाक घेऊ नये. बाजारातल्या सुमाकमध्ये बरेचदा मीठ मिसळलेले असते, म्हणून आधी चिमूटभर चाखावे आणि त्यानुसार पदार्थातले मीठ कमी करावे. दुबई, शारजा, कुवेत या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळेल, तर भारतात मोठ्या शहरांतल्या सुक्यामेव्याच्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळते. लिंबू, आमचूर आणि आमसूल हे तिन्ही पर्याय माझ्या मते इथे चालत नाहीत: लिंबाने कांदा पाणचट होतो, आमचुराला कैरीचा वास आहे आणि आमसूल त्याच्या खारट, दाट चवीमुळे तेलाला मागे सारते. सुमाक येईपर्यंत थांबणे हेच बरे.

मापे अशी आहेत. कांदा सोलून एक किलो, ऑलिव्ह तेल ३०० मिलिलिटर आणि सुमाक ४० ग्रॅम, म्हणजे सुमारे पाच मोठे चमचे. कोंबडी सव्वा किलोची, कातडीसकट, चार मोठ्या तुकड्यांत. आपल्याकडे चिकनवाले न सांगता कातडी काढून टाकतात, त्यामुळे आधीच सांगून ठेवावे. पाइन नट म्हणजे चिलगोजासारखे दाणे किंवा सोललेले बदाम ७५ ग्रॅम. कोंबडी शिजवायला एक कांदा, दोन तमालपत्रे, चार वेलदोडे, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि अर्धा चमचा ऑलस्पाइस. ऑलस्पाइस म्हणजे मसाल्यांचे मिश्रण नसून एका झाडाची वाळवलेली फळे असतात. ती न मिळाल्यास चार मिरे, दोन लवंगा आणि जायफळाची चिमूट घालून काम भागते. गरम मसाला मात्र घालू नये, कारण त्यातले धने-जिरे चव आपल्या वळणावर नेतात.

रोटी

पॅलेस्टाईनमधली ताबून ही मातीत भुसा कालवून हाताने घडवलेली घुमटाकार भट्टी असते. ती घडवणे, तापवणे आणि राखणे हे परंपरेने बायकांचे काम होते. तिच्या तळाशी गुळगुळीत खडे पसरलेले असतात. शेणाच्या गोवऱ्या आणि घाण्यातून निघालेली ऑलिव्हची पेंड घुमटाभोवती आणि झाकणावर रचून धुमसत ठेवतात, आणि रोटी आतल्या तापलेल्या खड्यांवर भाजतात. म्हणजे ज्या ऑलिव्हचे तेल रोटीवर पडते, त्याच ऑलिव्हच्या चोथ्यावर ती रोटी भाजली जाते. खड्यांमुळे रोटीला खळगे पडतात. तेल आणि कांद्याचा रस त्या खळग्यांत साठतो, म्हणून ते केवळ शोभेचे नाहीत.

घरी ३०० ग्रॅम मैदा आणि २०० ग्रॅम कणीक एकत्र करून त्यात १० ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, एक छोटा चमचा साखर आणि दोन मोठे चमचे तेल घालावे. हे तेल वरच्या मापाव्यतिरिक्त आहे. सुमारे ३५० मिलिलिटर कोमट पाण्याने पीठ सैलसर मळावे. पोळीच्या कणकेपेक्षा ते बरेच सैल असते आणि सुरुवातीला हाताला चिकटते. आणखी पीठ न टाकता दहा मिनिटे मळत राहिले की ते गुळगुळीत होते. झाकून दीड तास ठेवावे, दुप्पट झाल्यावर पाच उंडे करावेत आणि ओलसर फडक्याखाली आणखी पंधरा मिनिटे ठेवावेत.

ओव्हनमध्ये पिझ्झा स्टोन किंवा उपडा घातलेला जाड लोखंडी तवा २५० अंश सेल्सिअसला किमान अर्धा तास तापू द्यावा. नदीतले गोटे आणून ओव्हनमध्ये पसरण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो, तो मी देणार नाही, कारण आत ओल राहिलेला दगड तापल्यावर फुटू शकतो. त्याऐवजी उंडा हाताने २४ ते २५ सेंटिमीटर व्यासाचा पसरावा, बोटांच्या टोकांनी त्यावर जवळजवळ तळापर्यंत खळगे पाडावेत आणि तापल्या तव्यावर टाकून पाच ते सात मिनिटे भाजावा. रोटी वरून फिकट सोनेरी आणि आतून मऊ राहिली पाहिजे. ती पुन्हा ओव्हनमध्ये जाणार आहे, त्यामुळे कडक करू नये. ओव्हन नसेल तर झाकण ठेवून जाड तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजता येते. पिटा ब्रेड पातळ आणि आतून पोकळ असल्यामुळे तेलाने फाटतो, तेव्हा विकत घ्यायचीच झाली तर जाड, पोकळी नसलेली रोटी किंवा साधा नान घ्यावा. आदल्या दिवशीची रोटी तर उत्तमच.

कोंबडी

तुकड्यांना मीठ चोळावे, बुडतील इतक्या पाण्यात वर सांगितलेल्या मसाल्यांसह ठेवावेत, उकळी फुटल्यावर वरचा फेस झाऱ्याने काढावा आणि मंद आचेवर ३० ते ३५ मिनिटे शिजू द्यावेत. गावठी कोंबडी असेल तर वेळ दुपटीपर्यंत जाऊ शकतो. मांस हाडापासून सुटू लागण्याच्या आधीच तुकडे बाहेर काढावेत. पाणी गाळून ठेवावे, त्याचा पुढे उपयोग आहे.

कांदा

खरी कसोटी इथे आहे. कांदा उभा पातळ चिरावा की बारीक चौकोनी, यावर घराघरांत मतभेद आहेत. मी साधारण एक सेंटिमीटरचे चौकोन पसंत करते, कारण उभ्या चिरलेल्या कांद्याचे दोर रोटी तोडताना सगळेच्या सगळे एका घासाबरोबर ओढले जातात. फार बारीक चिरला तर त्याचा लगदा होतो.

जाड बुडाच्या पातेल्यात सगळे ३०० मिलिलिटर तेल घालावे, ते जेमतेम कोमट असतानाच कांदा आणि दीड छोटा चमचा मीठ टाकावे, आणि आच मध्यमपेक्षा कमी ठेवावी. मिठाने कांद्याचे पाणी सुटते. पहिली पंधरा मिनिटे झाकण ठेवून तो स्वतःच्याच वाफेत मऊ होऊ द्यावा, मग झाकण काढून आणखी अर्धा तास अधूनमधून ढवळत शिजवावा. इथे आपला हात आपल्याला फसवतो. रश्शासाठी कांदा परतण्याची सवय इतकी मुरलेली असते की तो सोनेरी झाल्याशिवाय समाधान होत नाही. पहिल्यांदा मी तो तसाच तपकिरी केला, आणि चव बिर्याणीच्या बरिस्त्याकडे गेली: गोड, खमंग आणि सुमाकशी पूर्ण विसंगत. मुसख्खनचा कांदा परतायचा नसतो, तेलात शिजवायचा असतो. तो पारदर्शक, लुसलुशीत आणि बोटांत दाबला तर विरघळणारा व्हावा, पण रंग बदलता कामा नये. कडा पिवळट होऊ लागल्या तर लगेच कोंबडीचे दोन चमचे पाणी शिंपडावे.

आच बंद करून पाच मिनिटांनी त्यात तीन मोठे चमचे सुमाक आणि चिमूटभर ऑलस्पाइस मिसळावे. सुमाक आचेवर शिजवत ठेवले तर त्याचा तुरटपणा वर येतो आणि आंबट वास मंदावतो. कांदा हळूहळू जांभळट तांबडा होतो. आता चाखून पाहावे: आंबटपणा स्पष्ट जाणवला पाहिजे, कारण रोटीवर गेल्यावर तो निम्म्याने कमी भासतो. मग पातेले तिरके करून ठेवावे, म्हणजे कांदा एका बाजूला राहून रंगीत तेल दुसऱ्या बाजूला जमा होते. हे तेल पुढच्या पायरीसाठी लागते.

मांडणी

शिजवलेल्या कोंबडीला या तेलातले दोन चमचे आणि उरलेल्यातले एक चमचा सुमाक चोळून २२० अंशांवर पंधरा ते वीस मिनिटे, कातडी तांबूस आणि कुरकुरीत होईपर्यंत भाजावी. त्याच वेळी दाणे चमचाभर तेलात मंद आचेवर परतून घ्यावेत. ते आचेवरून काढल्यावरही रंग घेत राहतात, म्हणून बदामी रंग येण्याच्या थोडे आधीच उतरवावेत.

एका पसरट ताटात कांद्यावरचे तेल आणि कोंबडीचे पळीभर गरम पाणी एकत्र करावे. प्रत्येक रोटी त्यात दोन्ही बाजूंनी टेकवून लगेच उचलावी. ती भिजली पाहिजे, पण गळता कामा नये. पहिली रोटी मोठ्या ट्रेमध्ये ठेवून तिच्यावर कडेपर्यंत कांदा पसरावा, तिच्यावर दुसरी, पुन्हा कांदा, असे थर रचावेत. फक्त सर्वांत वरच्या रोटीसाठी कांदा जास्त राखावा. हा ट्रे २२० अंशांवर सात-आठ मिनिटे ठेवला की कडा कुरकुरीत होतात आणि मधला भाग तेलाने जड, मऊ राहतो. बाहेर काढून वर कोंबडी मांडावी, दाणे पसरावेत आणि राहिलेले सुमाक भुरभुरावे.

पाहुणा मानाचा असेल तर थर न रचता प्रत्येकाला स्वतंत्र रोटी, तिच्यावर कांदा आणि कोंबडीचा मोठा तुकडा देतात. घरच्या शुक्रवारच्या जेवणाला मात्र एकच मोठी परात मध्ये ठेवून सगळे भोवती बसतात. दोन्हीकडे खाण्याची रीत एकच: काटा-चमचा नाही, रोटीचा तुकडा तोडून त्यातच कांदा आणि मांस धरायचे, आणि तेल मनगटाकडे ओघळले तरी हरकत घ्यायची नाही. बरोबर साधे दही आणि काकडी-टोमॅटोची बारीक चिरलेली कोशिंबीर असावी. कोंबडीच्या उरलेल्या पाण्यात मूठभर तांदूळ किंवा शेवया शिजवून, लिंबू पिळून केलेले सूप वाटीत देतात, आणि इतक्या तेलकट जेवणाला ते हवेच असते. जेवणाऱ्याला ‘सहतैन’, म्हणजे तुला दुहेरी आरोग्य लाभो, असे म्हणतात.

हल्ली लग्नसमारंभांत आणि पार्ट्यांत शराक नावाच्या पातळ रोटीत कांदा आणि हाताने सुटे केलेले मांस गुंडाळून केलेले बोटभर लांबीचे मुसख्खन रोल सर्वत्र दिसतात. ते करायला सोपे आहेत आणि त्यांना वरील कांदा-कोंबडी जशीच्या तशी चालते. गुंडाळ्या तेल लावून २०० अंशांवर दहा-बारा मिनिटे भाजाव्यात. पातळ रोटी तेल पुरेसे धरू शकत नाही, म्हणून चवीत मला त्या उण्या वाटतात, पण डब्यात न्यायला सोयीच्या आहेत.

उरलेले मुसख्खन फ्रिजमध्ये दोन दिवस चांगले राहते. कोंबडी आणि रोटी वेगवेगळ्या डब्यांत ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी कोंबडी झाकून आतपर्यंत कडकडीत गरम करावी, आणि रोटी मात्र मायक्रोवेव्हमध्ये न ठेवता जाड तव्यावर, कांद्याची बाजू वर ठेवून, मंद आचेवर तापू द्यावी. तिच्यातलेच तेल सुटून तळ पुन्हा कुरकुरीत होतो, त्यामुळे वरून आणखी तेल घालावे लागत नाही.